विरजणाचे देणे

नांदेडला वजिराबादेत आम्ही राहत होतो, तेव्हा आमच्या घरी एक नेम होता. दही मोडले की आधी विरजणापुरते बाजूला काढायचे, मगच पानात वाढायचे. ते विरजण केवळ आमचे नसे. कुणाचे बिघडले की त्यांची वाटी आमच्या दारी येई. आमचे बिघडले की आमची वाटी शेजारी जाई. दिवेलागणीनंतर दही देऊ नये, असे आई मानी; पण “मागणाऱ्याच्या चुलीवर दूध तापलेलं असतं, त्याला उद्या ये कसं म्हणावं?” असे म्हणून तो नेम तीच मोडी.

आता निवृत्तीनंतर मी लातूरला मुलाकडे असतो. गेल्या वर्षी आजारपणात अँटिबायोटिक घ्यावे लागले, तेव्हा डॉक्टरांनी जोडीला पाच दिवसांच्या प्रोबायोटिक कॅप्सूल लिहून दिल्या. पाच दिवस संपले, पण माझा मोह संपला नाही. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून मी त्या सहा महिने घेत राहिलो.

ही आशा जुनीच आहे. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या एली मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबवलेल्या दुधाशी जोडला होता. पुढे विज्ञान सावध झाले. बहुतेक पोटविकारांत प्रोबायोटिकचा उपयोग होतो असा पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सांगितले; मोजक्या प्रसंगी, विशिष्ट जंतूंचीच शिफारस केली. घरचे दही उत्तम अन्न खरे, पण तेही औषध नव्हे. त्यात कोणते जंतू किती, हे कुणी मोजलेले नसते; आणि दह्यातले काय, कॅप्सूलमधले काय, हे पाहुणे बहुधा पोटात घर न करता वाटसरूसारखे निघून जातात.

हे सारे मी वाचले ते उशिरा. त्याआधी एक गोष्ट घडून गेली होती. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या लेकराला जुलाब लागले. मी कपाटातून उरलेल्या चार कॅप्सूल काढून दिल्या आणि दानाचे समाधान मानून वर्तमानपत्र उघडले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. लेकराला दवाखान्यात सलाइन लावले होते. ते वाचले, पण चार दिवसांनी बाई म्हणाल्या, “बाबा, तुमची गोळी दिली. पण पाणी टँकरचंच हाय की!”

त्या शब्दांत तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला लागले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले. लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ: मी जन्मभर मास्तरकी केली, पण एवढे सांगायचे मला सुचले नाही. जे मला नको होते, ते मी दिले.

आपले आरोग्य आपल्या एकट्याचे असते काय? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, तेव्हा साऱ्या गावाला कळले होते की तहान ही सर्वांची असते. पुढे पाऊस आला आणि ज्याने त्याने आपापल्या घरी गाळणीयंत्र बसवले. मीही बसवले. सहा महिन्यांच्या कॅप्सूलचा खर्च मी प्रतिकारशक्तीच्या नावाने केला. पण ज्या पाण्याने लेकरे आजारी पडतात, त्याविषयी नगरसेवकाला साधे पत्रही लिहिले नव्हते.

यंदा ते पत्र लिहिले आहे. रोज सकाळी बाई निघताना गाळलेल्या पाण्याची एक कळशीही भरून देतो. मात्र परवा माझ्या ध्यानात आले की, आधी आमचे माठ भरतात आणि मग ती कळशी. आईने आधी विरजण काढले असते.