परक्याचें घर

आमच्या घरीं गेलें वर्षभर एक अवकाशयान बांधण्याचें काम चाललें आहे. बांधणारा माझा पुतण्या असून त्यानें त्यासाठीं जेवणघराशेजारची खोली व्यापिली आहे. आणि यान पन्नास किलोमीटर लांब आहे. हें सर्व बांधकाम संगणकाच्या पडद्यावरचें आहे असें सांगितलें म्हणजे वाचकांचा जीव भांड्यांत पडेल. परंतु तेवढ्यानें तें काम हलकें ठरत नाहीं. रात्रीं दोन वाजतां त्या खोलींत दिवा दिसला कीं पूर्वीं मला हंसूं येई. अलीकडे मीहि तेथें जाऊन बसतों. कारण त्या कामांतून असा एक प्रश्न निघाला आहे कीं तो मला अद्याप सुटलेला नाहीं.

ज्या यानाची ही प्रतिकृति, तें आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानें १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘राँदेव्हू विथ रामा’ या कादंबरींतील आहे. सूर्यमालेच्या बाहेरून एक प्रचंड दंडगोल येतो. ज्योतिषी त्यास ‘राम’ असें नांव देतात. कां, तर ग्रीक व रोमन देवतांचीं नांवें तोंपर्यंत संपून गेलेलीं असतात आणि हिंदु देवांची पाळी आलेली असते! आपल्याकडच्या वाचकास एवढ्यानेंच तें यान थोडेंसें आपलें वाटूं लागतें, आणि माझ्या प्रश्नास येथूनच सुरुवात होते. सर्वस्वी परकी वस्तु समोर आली असतां आपण प्रथम करतों काय, तर तिला आपल्या घरांतलें नांव देतों.

लेखकाला मौनाची सोय असते. ‘पलीकडे कांहीं इमारती अंधुक दिसत होत्या’ असें लिहून तो पुढें जाऊं शकतो. संगणकाला असें अंधुक चालत नाहीं. प्रत्येक बिंदु कोठें, कोणते बिंदु जोडून पृष्ठ झालें, त्या पृष्ठाचें तोंड कोणीकडे, हें सर्व त्यास सांगावें लागतें. हा दंडगोल आंतून पाहावयाचा असल्यामुळें त्याचीं सर्व पृष्ठें उलटवून आंत तोंड करून बसवावीं लागलीं. हें प्रथम लक्षांत न आल्यामुळें आमचा पुतण्या यानांत शिरला कीं भिंतीच नाहींशा होत, आणि आठवडाभर घरांतल्या कोणाशीं तो धड बोलत नव्हता.

यानांच्या प्रतिकृती करणारांचा एक जुना अनुभव असा आहे कीं गुळगुळीत पृष्ठ लहान दिसतें. त्यावर खांचा, नळ्या, झडपा बसविल्या म्हणजे तें अवाढव्य भासतें. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटासाठीं नमुने हातांनीं घडविले, तेव्हां दुकानांत मिळणाऱ्या रणगाड्यांच्या व लढाऊ विमानांच्या खेळण्यांचे प्लॅस्टिकचे तुकडे त्यांवर चिकटविले होते. म्हणजे दूरच्या तारकाविश्वांतील यानांच्या पाठीवर आमच्याच महायुद्धाचें भंगार! १९९३ सालीं ‘बॅबिलॉन ५’ या दूरचित्रवाणी-मालिकेंत यानें संगणकांतच घडविलीं गेलीं. गोंद सुटला, संवय मात्र सुटली नाहीं. खिडक्या तर हमखास असावयाच्या. ज्या प्राण्यास डोळे आहेत कीं नाहींत हें ठाऊक नाहीं, त्याच्या घरास खिडक्या कशाला? आंतून कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असें वाटावें म्हणून. खेडोपाडीं शेंदूर फांसलेल्या निराकार तांदळ्यास भक्त चांदीचे डोळे बसवितात, त्यांतली भावना मी समजूं शकतों. पण डोळे आपण बसविले, हें त्या भक्तास पक्कें माहीत असतें.

याच्या उलट २०१६ सालच्या ‘अरायव्हल’ चित्रपटांतील यान पाहावें. खिडकी नाहीं, नळी नाहीं, यंत्र नाहीं. उभ्या केलेल्या गोट्यासारखें काळें, अधांतरीं. कित्येकांस हा प्रामाणिकपणाचा कळस वाटला. मला तसें वाटत नाहीं. रिकामेपण हाहि आपलाच अलंकार आहे. जें समजत नाहीं तें भव्य, गूढ व मौनी असलेंच पाहिजे हा आपला हट्ट. परकीं माणसें बडबडीं आणि घरभर पसारा घालणारीं कां नसावींत?

मग बांधणारानें करावें तरी काय? स्वतःला अजिबात वगळून कोणासच कांहीं बांधतां येणार नाहीं. खुद्द क्लार्कच्या यानांतील पायऱ्यांवरून पृथ्वीवरचीं माणसें बिनबोभाट उतरतात. तशी कथेची गरज आहे. परंतु त्या यानांत दुसऱ्या जातीच्याहि गोष्टी आहेत. दंडगोल चार मिनिटांत एक फेरा करतो. आंतली त्रिज्या आठ किलोमीटर धरून मीं कागदावर गणित मांडलें, तों भिंतीवर उभें राहणाराचें वजन पृथ्वीवरच्या निम्म्याहून किंचित् अधिक भरलें. मध्यभागीं दहा किलोमीटर रुंदीचा समुद्र कमरपट्ट्यासारखा सभोंवार फिरला आहे. त्याचा उत्तरेकडील कडा पन्नास मीटर उंच आणि दक्षिणेकडील पांचशें. कां, तर यान वेग घेऊं लागलें कीं पाणी मागें दक्षिणेकडे चढेल. यजमानांस दोन पाय असोत वा दहा, पाणी चढणारच. परक्याविषयीं एवढें आपण खात्रीनें बोलूं शकतों. यापुढें जें आहे तें निराळें, आणि पुतण्याची अडचण तेथेंच झाली.

यानांत इमारतींचे समूह आहेत. आलेले पाहुणे त्यांना लंडन, पॅरिस, रोम अशीं नांवें देतात (पुन्हा तेंच!). त्या इमारतींना दारें नाहींत. पथकाचा नायक नॉर्टन पुष्कळ काळ त्यांची मोडतोड करूं देत नाहीं; निघण्याची घटका जवळ आल्यावर मात्र एक भिंत कापण्याची परवानगी देतो. आंत पारदर्शक स्तंभ निघतात, आणि त्यांत नाना वस्तूंच्या प्रतिमा, जणूं हव्या त्या वेळीं घडवून घेण्यासाठीं जपलेले नमुने. त्यांत एक पोशाख आहे, तीन हातांच्या प्राण्यास होईल असा. यजमानाची ओळख एवढीच. कादंबरी संपते तरी तो भेटत नाहीं.

उरलेल्या घरांचें काय करावें? एके रात्रीं पुतण्यानें एका घराची भिंत काढून मला आंत नेलें. तीन पायांचें आसन, विचित्र आकाराचें अंथरूण, आणि कोपऱ्यांत पाळण्यासारखें कांहींतरी. तो पाळणा पाहून माझा घसा दाटून आला.

“सुरेख झालें आहे,” मी म्हणालों.

“म्हणूनच पुसून टाकावें म्हणतों, काका. हें एकदां पाहिलें कीं ती भिंत कोणाला पुन्हा बंद दिसायची नाहीं.”

मीं वाद घातला असता. परंतु मला बोलण्यास तोंड नव्हतें. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधु, वारल्यावर नातलगांच्या आग्रहावरून मीं त्यांच्या आठवणी लिहून काढल्या. दादा अबोल. ऐन उमेदींत चांगली नोकरी सोडून ते गांवीं जाऊन राहिले. कां, तें त्यांनीं कोणासहि सांगितलें नाहीं. मीं मात्र त्या जागीं एक अख्खें पान लिहिलें: आईच्या दुखण्याची काळजी, शहराचा वीट, मातीची ओढ. सर्व अगदीं पटण्याजोगें. पुतण्यानें तें वाचून एवढेंच विचारलें, “काका, हें बाबांनीं तुम्हांला केव्हां सांगितलें?” आतां घरांतलीं सर्व माणसें तेंच कारण सांगतात, मलाहि कधीं कधीं तें दादांच्याच तोंडून ऐकल्यासारखें वाटतें. तें पान खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं, खरें होतें असेंहि म्हणवत नाहीं. न सांगण्याची जी त्यांची एक मिळकत होती, ती मात्र मीं परभारें खर्च करून टाकली.

सर्वच भिंती बंद ठेवाव्यात तर जिव्हाळा तरी कशाचा धरावा, हा प्रश्न उरतोच. नॉर्टननेंहि अखेर भिंत कापलीच होती. पण आंत जें होतें तें त्यानें पाहिलें; मीं तें आंत नेऊन ठेविलें.

आसन, अंथरूण, पाळणा हीं आतां त्या घरांत नाहींत. सध्यां पुतण्या त्या पोशाखाच्या मागें लागला आहे. कापड खऱ्या कापडासारखें पडावें अशी संगणकांत सोय असते. पण तें नीट पडण्यास खालीं अंग लागतें, आणि अंगाशिवाय तीन बाह्यांचा तो अंगरखा जमिनीवर चोळामोळा होऊन पडे. अंग कसलें करावें या विवंचनेंत दोन रात्री गेल्या. काल त्यानें खांद्यांपाशीं कांहीं बिंदु जागच्या जागीं टाचून ठेविले व बाकीचें कापड सोडून दिलें. अंगरखा अधांतरीं लोंबत आहे. तिसरी बाही कोणीकडे वळवावी, हें अजून ठरावयाचें आहे.