अडलेला प्रश्न

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर आता पहिल्या पाळीची लगबग सुरू झाली असेल. त्याच गर्दीत धुळे-नंदुरबारहून आलेला एखादा मुलगा असेल. कॉट बेसिसवर राहणारा, काखेत प्रमाणपत्रांची फाईल, मनात मुलाखतीची धाकधूक. ‘नंतर कळवतो’ हे शब्द त्याने आजवर कितीदा ऐकले असतील!

अशा वेळी दादासाहेब फाळके आठवतात. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. प्लेगने पत्नी आणि मूल हिरावलं, ते गाव सुटलं. मग पुरातत्त्व खात्यातली नोकरी, पुढे छपाईचा व्यवसाय. तोही सोडावा लागला. पण कॅमेऱ्याचा सराव, चित्रकला, छपाईची जाण, यांतलं काहीच वाया गेलं नाही. १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते.

मित्रांनो, एका नकाराने आपली किंमत ठरली, असं मानू नका. मुलाखतीत अडलेला प्रश्न वहीत टिपा, रात्री त्याचं उत्तर शोधा. आणि आपण नाशिककरांनी नवख्याला पत्ता सांगताना धीराचे दोन शब्दही द्यावेत. परकं गाव तिथूनच आपलं होऊ लागतं.