शौच आणि घरातला कचरा

पातंजल योगसूत्रांतील पाच नियमांत पहिला नियम शौचाचा आहे. भाष्यकारांनी त्याचे दोन भाग केले: माती-पाण्याने आणि शुद्ध आहाराने साधते ते बाह्य शौच, चित्तातला मळ धुऊन काढणे ते आभ्यंतर. लोकव्यवहारात मात्र बाह्य शौचच वाढत गेले आणि त्याला सोवळे-ओवळे, विटाळ, शिवाशीव चिकटली. खरकटे उंबऱ्याबाहेर गेले की घर शुद्ध झाले. ते उचलणारा माणूस तेवढा अशुद्ध ठरला. घाण करणारा शुद्ध आणि ती काढणारा अशुद्ध, हे कोणत्या न्यायाने?

गाडगे महाराजांनी (1876–1956) याचे उत्तर खराट्याने दिले. गावात गेल्यावर आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात संडास सफाईचे काम मागितले. जातीने ब्राह्मण म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नसत्याग्रह केला आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजीही त्यांच्यासाठी उपोषणाला बसले.

आजच्या घराला हा प्रश्न कचऱ्याच्या डब्यापाशी भेटतो. उरलेला भात, चहाचा चोथा, वर्तमानपत्र, फुटलेली बरणी आणि वापरलेले सॅनिटरी पॅड एकाच पिशवीत गाठ मारून दारात ठेवले जाते. संध्याकाळपर्यंत कागद भिजतो आणि भंगारात त्याला भाव उरत नाही. पिशवी कोणीतरी हाताने उघडते. काच त्याच हाताला लागते. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्या सभासदांत दलित स्त्रियाच बहुसंख्य आहेत. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि घरोघरी कचरा गोळा करू लागली. या स्त्रियांचे एक मागणे फार साधे आहे: पॅड कागदात गुंडाळावे आणि वर लाल ठिपका काढावा. ठिपका दिसला की पुडी उघडावी लागत नाही. 2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण घराघरावर बंधनकारक केले. पण कायद्याच्या धाकाने तो ठिपका उमटत नाही. पुडी कोणाच्या हातात जाणार आहे, हे घरात आधी आठवावे लागते. आभ्यंतर शौच म्हणतात ते इथे कामी येते.

निर्माल्याच्या बाबतीत हा विवेक जुनाच आहे. देवावरची फुले पायदळी येऊ नयेत म्हणून ती वेगळी ठेवली जातात. हल्ली ती नदीत सोडण्याऐवजी निर्माल्य कलशात जातात आणि त्यांचे खत होते. हाराचा दोरा, जर आणि प्लास्टिकची पिशवी मात्र आधी काढावी लागते. जी काळजी देवावरून उतरलेल्या फुलाची घेतली जाते, ती कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातांचीही घ्यावी. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहावे आणि मगच ती द्यावी.