मागच्या गेटवरचा नचिकेता

माझे मामा कीर्तनकार. ते म्हणायचे, "बिल फाडलं की पाहुणा संपला, उरलं ते गिऱ्हाईक. तुमच्या धंद्यात अतिथिधर्म कसला?" मी मुंबईत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन होतो. मामांचं म्हणणं मला कधीच पटलं नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी हल्ला झाला तेव्हा ताज हॉटेलमधल्या माणसांनी आधी पाहुण्यांना बाहेर काढलं, त्यात काहींचे जीव गेले. ते कुठल्या बिलात बसत होतं?

त्या हल्ल्यानंतर ताजचा टॉवर आणि ट्रायडेंट हॉटेल महिन्याच्या आत, 21 डिसेंबरला उघडले. ताजची जुनी इमारत 15 ऑगस्ट 2010 ला. कोविडनं मात्र पाहुणाच नेला. गोरेगावच्या नेस्कोत जिथे प्रदर्शनांचे स्टॉल लागायचे तिथे रुग्णांच्या खाटा लागल्या. आमच्या हॉलमध्ये गोल टेबलं घडी करून भिंतीला टेकवलेली, एसी बंद, गालिच्याला कुबट वास.

त्या रिकाम्या दिवसांत मी कठोपनिषद पुन्हा वाचलं. बापानं रागाच्या भरात देऊन टाकलेला नचिकेता यमाच्या दारी येतो. यम घरी नाही. पोरगं तीन रात्री उपाशी राहतं. परतल्यावर साक्षात मृत्यू त्याला नमस्कार करतो आणि एकेका रात्रीचा एकेक वर देतो. त्या पोराला यमानं बोलावलं नव्हतं, त्याच्या गाठीला काही नव्हतं. तो दारात उपाशी राहिला, एवढ्यानंच यम त्याचा देणेकरी झाला. मग पैसे दिले-घेतले यानं ते देणं उभं राहत नाही आणि फिटतही नाही, असं मला वाटतं.

पुढे धंदा दणक्यात परतला. बीकेसीत 2022 साली जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर सुरू झालं आणि 2023 च्या ऑक्टोबरात तिथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं, भारतात तब्बल 40 वर्षांनी. आमच्याकडेही सकाळी परिषद, रात्री रिसेप्शन. कायम माणसं मात्र कमी झालेली. त्यांच्या जागी कंत्राटदाराची रोजंदारीवरची पोरं. दुपारी चारला मागच्या गेटवर रांग, कुणाच्या पायात उसने काळे बूट. आल्या आल्या खुर्च्यांच्या रांगा मोडून गोल टेबलं लावायची, मग मध्यरात्रीपर्यंत वाढायचं. शेवटी यजमानासमोर उष्ट्या प्लेटी मोजायच्या, कारण बिल प्लेटीवर. उरलेली बिर्याणी नियमानुसार टाकून द्यायची. ज्यानं ती वाढली तो मुलगा रात्री दीडला मागच्या पायरीवर बिस्किटाचा पुडा फोडत बसलेला असे.

समारंभाआधी या पोरांना बसून गरम जेवण द्या, असं मी वर सांगितलं. कंत्राटदाराच्या दरात जेवण धरलेलं नाही, असं उत्तर आलं. मग आपल्या दरात धरा, मी म्हणालो. 500 प्लेटींच्या समारंभात 30 प्लेटी. त्यावर निर्णय झालेला नाही. निवृत्त झालो तरी मी पत्रं पाठवतो आहे.