उसनी साक्ष

ऑगस्ट 2018 मध्ये 'डेड सेल्स' हा व्हिडिओ गेम बाजारात येत होता. फ्रान्समधल्या मोशन ट्विन या छोट्या चमूने तो केलेला. खेळांच्या परीक्षणात ज्याचा शब्द जगभर चालतो त्या आयजीएनने फिलिप म्युसिन यांचे परीक्षण प्रसिद्ध केले आणि लगोलग 'बूमस्टिक गेमिंग' नावाचे लहानसे यूट्यूब चॅनल चालवणाऱ्याने दोन्ही परीक्षणे शेजारी शेजारी लावून दाखवली. त्याचे स्वतःचे परीक्षण सुमारे दोन आठवडे आधीचे होते. मुद्द्यांचा क्रम तोच, वाक्यांची चालही बरीचशी तीच. आयजीएनने परीक्षण मागे घेतले, माफी मागितली आणि म्युसिन यांना कामावरून काढले. पुढे त्यांच्या जुन्या लिखाणातही अशीच साम्ये निघाली. 'डेड सेल्स'चे परीक्षण दुसऱ्या लेखकाकडून नव्याने करून घ्यावे लागले.

हा खेळ नेमका 'डेड सेल्स' होता, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यात मेलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दर खेपेला वाटा बदलतात, हाती लागणारी शस्त्रे बदलतात. एकाला सुरुवातीलाच शत्रूला गोठवणारे अस्त्र मिळते, तर दुसऱ्याला गंजक्या तलवारीवरच बराच वेळ रेटावे लागते. दोघांचे मत जुळेल, खेळ आवडला असे दोघेही म्हणतील. पण तिथवर पोहोचण्याची वाट सारखी असणार नाही. अशा खेळाबद्दल दोन माणसांना तीच निरीक्षणे त्याच क्रमाने सुचली, यावर विश्वास कसा ठेवायचा?

आपल्याकडे उसनवारीचा विचार फार बारकाईने झालेला आहे. इसवी सन 900 च्या आसपास राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. हा पंडित कनौजच्या दरबारी होता, पण त्याचे घराणे महाराष्ट्राशी नाते सांगणारे. दुसऱ्याच्या कवितेतून अर्थ कसकसा उचलला जातो, याच्या त्याने पायऱ्या लावल्या आहेत. अर्थ सगळा तोच आणि फक्त शब्दरचना वेगळी, तो प्रतिबिंबकल्प. तो त्याने त्याज्य ठरवला. मुळातला गाभा एक असूनही बांधणी सर्वस्वी निराळी, तो परपुरप्रवेशसदृश. त्याला त्याच्या लेखी मान आहे. कवीची उसनवारीतून पूर्ण सुटका नाही, हे राजशेखर मोकळेपणाने मान्य करतो. चंद्र, विरह, पाऊस सगळ्यांचेच आहेत, तेव्हा हे खरेच आहे.

परीक्षणाला मात्र ही सवलत देता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे. परीक्षक साक्षीदार असतो. 'मी हा खेळ इतका वेळ खेळलो, मला इथे मजा आली, इथे कंटाळा आला,' एवढेच त्याच्याकडे विकण्याजोगे असते. दुसऱ्याचा कंटाळा उचलून तो सुंदर मराठीत मांडला, तरी साक्ष खोटीच. त्यात मूळ लेखकाची वाक्ये जातात ती जातातच, शिवाय वाचणाऱ्याची फसवणूक होते आणि ती मला जास्त गंभीर वाटते. परीक्षेतल्या कॉपीशी तुलना केली तर फरक कळेल. परीक्षेत कॉपी केलेले उत्तर निदान बरोबर असू शकते. परीक्षणात प्रश्नच 'तुला काय दिसले?' हा असतो. त्याचे उचललेले उत्तर बरोबर असण्याची सोयच नाही.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले. मुद्दे तेच ठेवून भाषा पुरती बदलली, की कायद्याच्या हाती फारसे उरत नाही.

आणि भाषा बदलणे ही तर आपल्या हातातली गोष्ट. इंग्रजी परीक्षण ऐकायचे, मराठीत बोलायचे, मागे खेळाची दृश्ये लावायची, पकडणार कोण? रूपांतराचा मला तिटकारा नाही. देवलांचा 'झुंजारराव' शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'वरून आला, पु. लं.ची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. मुळाचे ऋण उघड होते आणि माणसे, बोली, चालीरीती इथल्या होत्या. उचललेल्या परीक्षणात ऋण लपवलेले असते आणि इथले काहीच नसते.

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या बाजार समितीच्या गावात याची झळ जास्त लागते. तिथल्या पोराकडे महागडा कन्सोल नसतो, बेताच्या किमतीचा फोन आणि दिवसाचा दीड जीबी डेटा असतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा फोनवरचा लढाईचा खेळ 2021 मध्ये आला, 2022 मध्ये ॲप स्टोअरमधून काढला गेला आणि 2023 मध्ये परतला. तो खेळणाऱ्याला जे विचारायचे असते ते परदेशी परीक्षकाच्या ध्यानीमनीही नसते. तिसऱ्या सामन्याला फोन किती तापतो? पिंग कधी वाढतो? ग्राफिक्स स्मूथवर ठेवले तर काय हातचे जाते? याच खेळातली एक गोष्ट घ्या. लांबचे गवत पडद्यावर उमटतच नाही. आपण गवतात आडवे पडून लपलो असे समजतो आणि लांबून नेम धरणाऱ्याला उघड्या मैदानावर पडलेले दिसतो. दोन मित्रांनी दोन फोन शेजारी धरले की ही गोष्ट लगेच उघडी पडते. असे एक स्वतःचे निरीक्षण मला दहा मिनिटांच्या उसन्या विवेचनापेक्षा मोलाचे वाटते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' आणला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी त्यातली मुलगी, राजी, दुर्गा आणि विष्णू यांच्या कृपेने लढते. बाहेरच्या परीक्षकाला आपल्या वाचकांना दुर्गा कोण हे सांगावे लागते, आणि ते योग्यच. पण त्याचीच नक्कल मराठीत आली, तर तुळजापूर-माहूरच्या मुलखात दुर्गेची ओळख करून दिली जाईल. आणि जे इथल्याच माणसाला सांगता आले असते ते राहून जाईल: महिषासुराची कथा लहानपणापासून ऐकलेल्याला ही राजी पटते का? त्रिशूळ हाती आल्यावर अंगावर काटा येतो, की ते आणखी एक शस्त्रच वाटते? याचे उत्तर कोणत्याही इंग्रजी परीक्षणातून उचलता येत नाही.

घाई असते, हे मान्य. खेळ आला त्याच दिवशी व्हिडिओ पडला नाही तर कोणी बघत नाही, आणि आता तर न खेळता परीक्षण लिहून देणारी यंत्रेही हाताशी आहेत. म्हणूनच मराठीत परीक्षण करणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीलाच चार गोष्टी सांगाव्यात, अशी माझी मागणी आहे: फोन किंवा यंत्र कोणते, किती तास खेळलो, कुठवर पोहोचलो, आणि आधी कोणाचे परीक्षण पाहिले असेल तर त्याचे नाव. अर्धाच खेळ झाला असेल तर 'अर्धाच झाला' म्हणावे. ताडकळसच्या पोराला तेवढ्यावरही डेटा खर्च करायचा की नाही हे ठरवता येते.