परसातील सहावी सूना

ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे, हे वारकऱ्यांस सांगणे नको. पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या मुक्या जिवास भावंडांनी परतीच्या वाटेवर येथे समाधी दिली, अशी आपली परंपरा. कार्तिकात तेथील कीर्तनात आम्ही सर्वांभूती एकच आत्मा, हे निरूपण केले. मंडळी पांगली. एक वृद्ध माळकरी बाई मागे राहिल्या. म्हणाल्या, "बुवा, रेड्यात देव, हे पटलं. माझ्या वालाच्या वेलावर मावा पडलाय, त्यात कोण? औषध फवारू का नको?"

आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरे म्हणजे आम्हीच त्यात अडकलो होतो. आदल्या साली आमच्या परसात आम्हीच पंप चालविला होता. मावा मेला, पण माव्यावर जगणारे लाल ढालकिडेही मेले, आणि थोड्याच दिवसांत मावा पूर्वीपेक्षा जास्त झाला. भोपळ्याची फुले नुसती गळून पडली. भोपळ्याचे नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. मधमाशीने पराग नेला तर फळ धरणार. माशा होत्या कुठे? वीणेचा भोपळाही किड्यांच्याच कृपेने धरतो, हे जन्मभर वीणेच्या साथीने उभे राहूनही आम्हांस सुचले नव्हते!

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी पाच सूना, म्हणजे हिंसेची ठिकाणे, सांगितली आहेत : चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तेथे नकळत जीव मरतात. त्याचा परिहार पंचमहायज्ञांनी. त्यांतला भूतयज्ञ म्हणजे पशुपक्षी, किडामुंगी यांचा वाटा काढून ठेवणे. शास्त्राने चूल विझवा असे म्हटले नाही. देह आहे तोवर हिंसा अजिबात सुटत नाही, हे त्यास ठाऊक आहे. पण केरसुणी काही मारावयास फिरत नाही. पंप मारावयासच फिरतो, आणि कोण मरते ते पाहात नाही. ही सहावी सूना आम्ही हौसेने घरात आणली. मावा मारल्याचा दोष थोडा. न पाहता मारल्याचा फार, असे आम्हांस वाटते.

नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटो लावणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या डोक्यावर कर्ज असते. दक्षिणेवर जगणाऱ्या आम्ही त्यास काय शिकवावे? पण परसातल्या चार वेलांवर कोणते कर्ज आहे?

आंबेगाव तालुक्यात आहुप्यास देवराई आहे, देवाच्या नावाने राखलेले रान. आमच्या मते तो थोरला भूतयज्ञच. परसातही वीतभर जागा तशी सोडता येते. आता आम्ही आधी पान उलटून पाहतो. ढालकिडा दिसला तर हात मागे घेतो. मावा फार झाला तर शेंडे पाण्याने धुतो. त्यानेही भागले नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी माशा घरी गेल्यावर शिंपडतो. तेही मारणेच, कडुनिंबाचे म्हणून पुण्य होत नाही. मोरीचे पाणी केळीला आणि अळवाला जाते, ते आमच्या आईच्या वेळेपासूनच.

पौषात पुन्हा आळ्यास गेलो तेव्हा त्या बाईंना हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "बुवा, तुमच्या उत्तराची वाट बघत बसले असते तर वेल वाळला असता. एक वेल माव्याला सोडला, बाकीचे राखले." आणि वालाच्या शेंगांची पिशवी आमच्या झोळीत टाकली.