उपवास, उसळ आणि वजनकाटा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरती झाल्यावर एका ताईंनी प्रश्न विचारला आणि त्यावरून मंडपातच अर्धा तास वाद झाला. ताईंचं म्हणणं साधं होतं. "वजन कमी करायचं आहे. रोज मोजूनमापून खाणं जमत नाही. गुरुवारी नि एकादशीला अगदी कमी खाल्लं आणि बाकीच्या दिवशी थोडं मोकळं खाल्लं, तर चालते का जी? आणि तसं केलं तर तो उपवास राहते का?"

मागून कोणीतरी लगेच "एकादशी अन् दुप्पट खाशी" म्हटलं आणि सगळे हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा प्रश्न खरा होता. म्हणून या वेळच्या पत्रात दुसरे विषय बाजूला ठेवून तेवढ्यावरच लिहितो आहोत.

आधी हिशोब. ज्याला आपण कॅलरी म्हणतो ते अन्नातल्या ऊर्जेचं माप. समजा एखाद्याला वजन उतरवण्यासाठी दिवसाला १५०० पुरतात. आठवड्याचे झाले १०,५००. आता गुरुवारी ६०० च घेतले, तर बाकीच्या सहा दिवसांना १६५० येतात. बेरीज तीच. वजनाच्या बाबतीत शरीर मुख्यतः ही लांबची बेरीज पाहतं, रात्री बारा वाजता वही बंद करत नाही. त्यामुळे ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "चालतं" असंच आहे, बेरीज खरी असेल तर.

गोची या "तर" मध्येच आहे. आपली उपवासाची उसळ घ्या. ७५ ग्रॅम साबुदाणा म्हणजे साधारण २६० कॅलरी, मूठभर दाण्याचा कूट १४०, एक मोठा चमचा तेल १२०. बटाटा धरलाच नाही तरी एका प्लेटीचे ५२० झाले. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी यांचं सगळं मिळून साडेसहाशेच्या आसपास जातं, आणि ते जेवण दुपारपासून रात्रीपर्यंत पोटाला धरून ठेवतं. उसळीनंतर दोन तासांत केळं, मग शेंगदाण्याचा लाडू, मग ताक, संध्याकाळी भगर. त्या दिवशी आपण नेहमीपेक्षा जास्तच खाल्लेलं असतं आणि वर दुसऱ्या दिवशी "काल उपवास होता" म्हणून सूट घेतो. म्हणजे दोन्ही दिवस वाढीवच. हे आम्ही दुसऱ्या कोणाबद्दल लिहीत नाही आहोत. प्रसादाला उसळ आम्हीच करतो आणि तेलाचा हातही आमचाच सैल असतो.

आता काट्याचं. मंडपात वजनकाटा आला तेव्हापासून गुरुवारच्या उपवासानंतर शुक्रवारी सकाळी वजन करायची पद्धत पडली. एका रात्रीत किलोभर उतरतं आणि आनंद होतो. पण ती चरबी नसते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. एक दिवस कमी खाल्लं की साठा उतरतो, पाणी जातं, काटा खाली येतो. शनिवारी भाकरी पोटात गेली की पाणी परत. त्या किलोभराला कृपा समजू नये आणि परत आला म्हणून स्वतःला पापी ठरवू नये. कृपा आणि पाप दोन्ही इतके स्वस्त नाहीत.

"रोज कमी-जास्त खाल्लं की शरीर फसतं आणि चरबी लवकर जळते" असंही एका दादांनी मोबाईलवर वाचून सांगितलं. याचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत शिकागोला १०० लठ्ठ माणसांवर वर्षभर पाहिलं गेलं आणि निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. एका गटाला एक दिवस गरजेच्या चौथा हिस्सा आणि दुसऱ्या दिवशी सव्वापट खायला सांगितलं. दुसऱ्या गटाला रोज सारखंच, थोडं कमी. तिसरा गट नेहमीसारखा राहिला. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सुमारे ६ टक्के उतरलं, दुसऱ्याचं ५.३ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. सोडून जाणारे मात्र वर-खाली खाणाऱ्यांत जास्त होते, ३८ टक्के. रोज सारखं खाणाऱ्यांत २९. आम्हाला यातली वेगळीच गोष्ट आवडली. वर-खाली खाणारे लोक उपवासाच्या दिवशी सांगितल्यापेक्षा जास्त खात होते आणि मोकळ्या दिवशी सांगितल्यापेक्षा कमी. कोणी सांगितलं नसताना ते मधल्या वाटेकडे सरकत होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं सांगितलंय. त्याची आठवण झाली.

सगळ्यांना हे सरकणं जमत नाही, हेही खरं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतच मिनेसोटाला ३६ तरुणांना २४ आठवडे जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं. धडधाकट, स्वखुशीनं आलेली माणसं. पण हळूहळू त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. काहीजण स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे. बंधन उठल्यावर पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी समाधान होईना. म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट खाणाऱ्याला हसताना आपण जरा थांबावं. ताणून धरलेली दोरी सुटली की मागे जातेच, त्यात दर वेळी चारित्र्य शोधायची गरज नाही.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. असा उपवास उपवास राहतो का?

मंडपात दोन मतं पडली. एक मत असं की देवाच्या नावानं वजन उतरवणं म्हणजे देवालाच फसवणं. दुसरं असं की शरीर गुरूंनीच सांभाळायला दिलंय, ते नीट ठेवणं ही सेवाच. आमचं मन दोन्हींकडे जातं. एका कामातून दोन फळं मिळाली तर त्यात लबाडी नाही. पहाटे काकडआरतीला चालत येणाऱ्याचे पाय मोकळे होतात, म्हणून त्याची आरती खोटी ठरत नाही. पण दोन हेतू एकमेकांच्या आड आले तर आपण कोणता सोडतो, तिथं कळतं. उपवासाच्या दिवशी वजन उतरलंच नाही, तर पुढच्या गुरुवारी आपण उपवास करू का? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. आमच्यातल्या तिघांनी "नाही" असं प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांना आम्ही म्हटलं, मग तुम्ही आहारनियम करा, छान गोष्ट आहे, फक्त त्याला व्रत म्हणू नका. राग कोणालाच आला नाही.

गांधीजींनी आत्मकथेत याबद्दल लिहिलंय. दक्षिण आफ्रिकेत असताना ते उपवास आणि एकवेळचं जेवण यांचे प्रयोग करत होते. त्यांच्या ध्यानात आलं की उपवासानंतर अन्न जास्तच गोड लागतंय आणि भूक वाढतेय. म्हणजे उपवास हे संयमाचं साधन आहे तसंच भोगाचंही होऊ शकतं. इतका मोठा माणूस स्वतःच्या जिभेवर असा संशय घेतो, आणि आपण उसळीवर लिंबू पिळून वर साखर पेरतो.

आपल्या जुन्या लोकांनी उपवासाचे प्रकार केलेत ते विसरू नये. निर्जळी आहे, दिवसातून एकदा जेवायचं एकभुक्त आहे, दिवसभर थांबून रात्री जेवायचं नक्त आहे. इथले आपले तेलुगू शेजारी एकवेळच्या उपवासाला ओक्कपोद्दु म्हणतात. त्यात साबुदाण्याचा संबंध नाही, एकदा नीट जेवले की झालं. आमच्या मते वजनाचा विचार असणाऱ्यांना हा प्रकार सगळ्यांत सोपा आणि सच्चा. आपल्यातले बरेचजण डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत पाळतात. ज्यांना ती झेपते त्यांची मधल्या वेळची चरणी थांबली, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो आहोत.

वाद चालू असताना मागे बसलेल्या एक मावशी, ज्या निंदणाला जातात, एवढंच म्हणाल्या, "आमचं वर-खाली आपोआपच होते बाई. काम असलं त् दोन भाकरी जास्त, नसलं त् कमी. पोळ्याच्या अंगावर तर डबेच रिकामे राह्यते." मंडप गप्प झाला. कापूस-सोयाबीन घरात यायच्या आधीचे दिवस बोथच्या आसपासच्या कितीतरी घरांत कसे जातात हे आपल्याला माहीत आहे, तरी आपण ते धरलंच नव्हतं. मावशी गुरुवारीही उपाशीपोटी निंदणाला जातात. आम्ही त्यांना म्हटलं, त्या दिवशी भाकर खाऊन जा, महाराज रागावणार नाहीत. त्या म्हणाल्या, "महाराज नाही रागावणार, मीच रागावते." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता आमची चूक. गेल्या दोन महिन्यांपासून ग्रुपवर दर शुक्रवारी कोणाचं किती उतरलं याची यादी आम्ही टाकत होतो. हेतू उत्साह वाढवण्याचा होता. पण एका भगिनींनी साखरेची गोळी नेहमीसारखी घेतली आणि यादीत नाव वर यावं म्हणून गुरुवारी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आरतीत घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. नशीब, शेजारच्या ताईंनी ओळखलं आणि लगेच साखरेचं पाणी पाजलं. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाते. हे आम्हाला ठाऊक असूनही यादी टाकताना आमच्या मनात आलं नाही. त्या आता बऱ्या आहेत. आम्ही घरी जाऊन त्यांची माफी मागितली. त्याच आम्हाला म्हणत होत्या, "माझंच चुकलं." तेव्हा फार लाज वाटली. त्यांच्या चुकीला यादी आम्ही पुरवली होती.

तर या गुरुवारपासून: वजनाची यादी बंद. वजनकाटा मंडपातून काढून मागच्या खोलीत ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी आपापलं पाहावं, आठवड्याची नाही तर महिन्याची नोंद ठेवावी. साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. प्रसादात उसळीबरोबर आता वरण-भाकरीही असेल, ज्याला जे हवं ते घ्यावं, कोणी कोणाच्या ताटात पाहू नये. भाकरी थापायला चार हात कमी पडतात, ज्यांना जमेल त्यांनी पाच वाजेपर्यंत यावं. मावशींनी ज्वारीचं पीठ द्यायचं म्हटलं आहे. आम्ही नको म्हटलं, पण त्या ऐकत नाहीत.